बर्फातील पिकअप : आधी टायर, मग डिफरन्शियल

जबलपूर : नर्मदेकाठच्या या शहरात हिमवर्षाव होत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ४१२ मीटर उंचीवरील जबलपूरच्या वाहनचालकाला उन्हाळ्यात तापलेल्या डांबराची आणि पावसाळ्यात चिखलाची काळजी असते. तरीही काश्मीर, लडाख आणि अरुणाचल प्रदेशातील बर्फाळ रस्त्यांवर लष्कराची जी वाहने गेली अनेक दशके धावत आली, त्यांपैकी मोठा वाटा याच शहरातील कारखान्यांचा आहे. मैदानात तयार झालेले वाहन हिमाच्छादित घाटात कसे टिकते, या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः दोन भागांत सापडते. पहिला भाग म्हणजे रस्त्याला टेकणारे टायर आणि दुसरा म्हणजे इंजिनाची ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणारे डिफरन्शियल.

हा प्रश्न आता केवळ लष्कराचा राहिलेला नाही. मनालीजवळील ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये वाहतुकीस खुला झाला. काश्मीरमधील सोनमर्ग बोगद्याचे उद्घाटन जानेवारी २०२५ मध्ये झाले. पूर्वी हिवाळ्यात बंद राहणाऱ्या लाहौलमध्ये आणि सोनमर्गमध्ये आता भर हिवाळ्यातही मालवाहू पिकअप, टॅक्सी आणि पर्यटकांची खासगी वाहने पोहोचतात. त्यांत महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातील वाहनेही असतात. सपाट, उष्ण प्रदेशासाठी निवडलेले टायर घालून ही वाहने थेट गोठलेल्या उतारावर जातात आणि घसरतात. वाहन ‘फोर बाय फोर’ आहे, एवढ्या भरवशावर चालक निर्धास्त असतो. तो भरवसा कोठवर खरा आहे, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

जबलपूरचे कारखाने आणि हिमालय

जबलपूरची गन कॅरेज फॅक्टरी १९०४ मधील. स्वातंत्र्योत्तर काळात जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर ‘शक्तिमान’ ट्रकची निर्मिती शहरात सुरू झाली. १९६९ मध्ये स्वतंत्र व्हेईकल फॅक्टरी स्थापन झाली आणि लष्करी वाहनांचे काम तेथे एकवटले. जपानच्या निसान कंपनीच्या तंत्रज्ञानावर आधारलेली दोन वाहने येथे घडली. त्यांतील एक म्हणजे ‘जोंगा’. जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून हा शब्द बनला. हे वाहन निसानच्या ‘पेट्रोल’ या जीपसदृश मॉडेलची भारतीय आवृत्ती होती. दुसरे म्हणजे लष्करात ‘निसान वन-टन’ म्हणून ओळखले जाणारे छोटे मालवाहू वाहन. त्याच्या मागील हौद्यावर ताडपत्रीचे छत असे. आजच्या भाषेत त्याला दणकट पिकअपच म्हणता येईल.

पुढे टाटांचा अडीच टनी ‘एलपीटीए ७१३’ आणि अशोक लेलँडचा ‘स्टॅलियन’ हे ट्रक येथे बनू लागले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाचे विसर्जन होऊन सात सरकारी कंपन्या अस्तित्वात आल्या. तेव्हा ही फॅक्टरी आर्मर्ड व्हेईकल्स निगम लिमिटेडकडे गेली. जम्मू अँड काश्मीर रायफल्सचे प्रशिक्षण केंद्रही जबलपूर छावणीतच आहे. त्यामुळे हिमालयात जाणारी वाहने आणि तेथे जाणारे जवान, दोघांचाही आरंभ या उष्ण शहरात होतो.

या वाहनांचे समान वैशिष्ट्य म्हणजे चारही चाकांना ताकद पुरवण्याची सोय, कमी वेगासाठी वेगळा गिअर संच आणि जमिनीपासून पुरेशी उंची. अशा लष्करी ट्रकांना मागील बाजूस बहुधा दुहेरीऐवजी एकेरी चाके बसवतात, त्यामागेही कारण आहे. मागचे चाक पुढच्या चाकाने दाबलेल्या वाटेवरूनच जाते आणि प्रत्येक वेळी ताजे हिम तुडवण्यात इंजिनाची शक्ती वाया जात नाही. नागरी वापरासाठी टाटा योद्धा, महिंद्रा बोलेरो कॅम्पर, इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स या पिकअपमध्ये फोर-व्हील ड्राइव्हची सोय असलेले प्रकार आले आहेत. उत्तर कमांडच्या चाचण्यांनंतर २०२३ मध्ये हायलक्स लष्कराच्या ताफ्यातही दाखल झाले.

पकड किती उरते?

बोलीभाषेत ‘बर्फ’ हा एकच शब्द वापरला जात असला, तरी चालकासाठी त्याचे निदान तीन प्रकार आहेत. पहिला ताजे, भुसभुशीत हिम. दुसरा वाहनांच्या वर्दळीने दाबून घट्ट झालेला थर. तिसरा वितळून पुन्हा गोठलेला, काचेसारखा बर्फ. तिसरा प्रकार सर्वांत घातक. डांबरावर त्याचा पातळ थर असेल, तर रस्ता केवळ ओला आहे असे वाटते. पुलांवर, बोगद्यांच्या तोंडाशी आणि डोंगराच्या सावलीतील वळणांवर तो दुपारपर्यंत टिकून राहतो.

रस्ता आणि टायर यांच्यातील पकड घर्षणांकाने मोजतात. कोरड्या डांबरावर तो साधारण ०.७, घट्ट झालेल्या हिमावर ०.२ ते ०.३ आणि गोठलेल्या बर्फावर ०.१ किंवा त्याहूनही कमी असतो. या आकड्यांचा अर्थ ब्रेक दाबल्यावर कळतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सपाट, कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून सुमारे ९ मीटरमध्ये थांबू शकते. घट्ट हिमावर त्याला सुमारे २५ मीटर लागतात आणि गोठलेल्या बर्फावर ६० मीटरहून अधिक. दर दहा मीटरला एक मीटर उतरणाऱ्या घाटात हिमावरील २५ मीटरचे अंतर ४२ मीटरच्या आसपास जाते. त्याच उतारावर घर्षणांक ०.१ असेल, तर वाहन थांबतच नाही. गुरुत्वाकर्षणाची ओढ आणि टायरची कमाल पकड तेथे समसमान होतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ब्रेक प्रत्येक वाहनाच्या चारही चाकांना असतात, मग वाहन टू-व्हील ड्राइव्ह असो की फोर-व्हील ड्राइव्ह. चार चाकांना ताकद मिळाल्याने वाहन चढ चढते. थांबताना त्या व्यवस्थेचा उपयोग अत्यल्प असतो. थांबणे आणि वळणे टायरच्या पकडीवरच अवलंबून असते. डिफरन्शियल उपलब्ध पकडीचा अधिक चांगला वापर करून देते, पण नवी पकड निर्माण करत नाही. म्हणूनच खर्चाचा क्रम टायरपासून सुरू व्हायला हवा.

टायरवरील चिन्हे

भारतात सर्वत्र विकले जाणारे टायर प्रामुख्याने उष्ण हवामानासाठी असतात. तापमान सुमारे ७ अंश सेल्सिअसखाली गेले की त्यांचे रबर कडक होऊ लागते आणि रस्त्याच्या बारीक खाचखळग्यांत ते बसत नाही. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते. त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर पातीने कापल्यासारख्या असंख्य बारीक चिरा असतात. चाक फिरताना त्या किंचित उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात. नक्षीत दबून बसलेले हिमही उपयोगी पडते, कारण हिमाची हिमावरील पकड रबराच्या पकडीपेक्षा चांगली असते.

टायरच्या बाजूवर दोन चिन्हे पाहावीत. ‘एम अधिक एस’, म्हणजे ‘मड अँड स्नो’, हे अक्षरचिन्ह नक्षीच्या रचनेवरून उत्पादक स्वतःच देतो. त्यासाठी हिमावरील चाचणी सक्तीची नाही. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेले चिन्ह मात्र ठरावीक चाचणीत हिमावर किमान पकड सिद्ध केल्यावरच मिळते. दोहोंतील फरक कायद्यानेही मान्य केला आहे. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर बंधनकारक असून १ ऑक्टोबर २०२४ पासून केवळ शिखर-हिमकण चिन्हाचे टायरच ग्राह्य धरले जातात. कॅनडातील क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात हिवाळी टायर सक्तीचे आहेत. भारतात अशी देशव्यापी सक्ती नाही. त्यामुळे निवडीची जबाबदारी वाहनमालकावरच पडते.

खडबडीत नक्षीचे सर्व टायर बर्फात चांगले असतात, हा समज चुकीचा आहे. चिखलासाठी बनवलेल्या टायरचे ठोकळे मोठे, कडक आणि चिरांविना असतात. खोल, भुसभुशीत हिमात ते वाट काढतात. गोठलेल्या बर्फावर मात्र फारच कमी रबर रस्त्याला टेकते आणि तेही कडक असते. अशा वेळी साधा हिवाळी टायर त्यांच्यापेक्षा सरस ठरतो. ‘ऑल-टेरेन’ प्रकारातील काही टायरना शिखर-हिमकण चिन्ह असते. वर्षातील दहा महिने खडी-डांबरावर आणि दोन महिने हिमात फिरणाऱ्या पिकअपसाठी ती व्यवहार्य तडजोड आहे.

नक्षीची खोली हा पुढचा मुद्दा. भारतीय नियमांनुसार मोटारगाडीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. ही मर्यादा हिमासाठी पुरेशी नाही. ऑस्ट्रियात रेडियल हिवाळी टायरची नक्षी ४ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की तो हिवाळी टायर मानला जात नाही. गोटा झालेला टायर जबलपूरच्या रस्त्यावर आणखी काही महिने ओढता येईल, पण झोजी ला किंवा सेला खिंडीत तो नेऊ नये. पिकअपच्या टायरची भारक्षमता वाहनाच्या कागदपत्रांतील नोंदीपेक्षा कमी नसावी, हेही तपासावे. मोटारगाडीचा मऊ टायर पिकअपला बसला, तरी भरलेल्या हौद्याचे वजन तो पेलेलच असे नाही.

रुंद की अरुंद?

रस्त्यावर थोडेच हिम असेल आणि खाली डांबर असेल, तर अरुंद टायर उपयुक्त ठरतो. तेवढेच वजन कमी क्षेत्रफळावर आल्याने तो हिम कापून खालच्या रस्त्यापर्यंत पोहोचतो. हिमाची खोली अमर्याद असेल, तर हिशेब उलटा होतो. तेथे खाली पोहोचण्यासारखे काही नसल्याने वाहनाला तरंगावे लागते.

या दुसऱ्या स्थितीचे उदाहरण भारताच्या अंटार्क्टिका मोहिमेत सापडते. गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय अंटार्क्टिक व महासागर संशोधन केंद्राचे तत्कालीन संचालक रसिक रवींद्र यांच्या नेतृत्वाखाली आठ सदस्यांचे भारतीय पथक नोव्हेंबर २०१० मध्ये ‘मैत्री’ तळावरून निघून दक्षिण ध्रुवावर पोहोचले. या प्रवासासाठी आइसलँडच्या आर्क्टिक ट्रक्स कंपनीने बदल केलेली टोयोटा हायलक्स पिकअप वापरण्यात आली. अशा वाहनांना ४४ इंच व्यासाचे टायर बसवतात आणि त्यांतील हवा अगदी २ ते ३ पीएसआयपर्यंत उतरवतात. टायर पसरून वाहनाचा भार मोठ्या पृष्ठभागावर विभागला जातो. मात्र हिमालयातील घाटरस्त्यावर त्याची नक्कल करू नये. तेथे एका बाजूला दरी असते, वळणे तीव्र असतात आणि इतक्या कमी हवेचा टायर रिममधून निसटण्याचा धोका असतो.

हवेचा दाब : उंचीचा चकवा

थंडीने टायरमधील हवा आकुंचन पावते, हे बहुतेक चालकांना ठाऊक असते. उंची वाढली की बाहेरील हवेचा दाब घटतो आणि मापक उलट अधिक आकडा दाखवतो, हे मात्र फारसे लक्षात घेतले जात नाही. जबलपूरमध्ये २५ अंश तापमानात ३२ पीएसआय हवा भरलेला टायर त्याच उंचीवर उणे १५ अंशांत नेला, तर मापकावर सुमारे २६ पीएसआय दिसेल. तोच टायर सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेहमध्ये उणे १५ अंशांत असेल, तर आकडा ३० च्या आसपास राहील. तापमान आणि उंची यांचे परिणाम अंशतः एकमेकांना छेद देतात. त्यामुळे अंदाजाने हवा वाढवणे किंवा कमी करणे चुकीचे ठरते. मुक्कामाच्या ठिकाणी, सकाळी, वाहन सुरू करण्यापूर्वी दाब मोजावा आणि उत्पादकाने भारानुसार दिलेल्या आकड्यावर आणावा. खाली उतरल्यावर तो पुन्हा तपासावा.

साखळ्या कोणत्या चाकांना?

गोठलेल्या बर्फावर सर्वांत खात्रीचा आणि तुलनेने स्वस्त उपाय म्हणजे टायरवर चढवायच्या साखळ्या. त्यांचे पोलादी दुवे बर्फात रुततात. हिमवर्षाव झाल्यावर मनालीच्या पुढे किंवा काश्मीरमध्ये तंगमर्गहून गुलमर्गकडे जाताना फोर-व्हील ड्राइव्ह वाहन किंवा साखळ्या असल्याशिवाय प्रशासन अनेकदा पुढे सोडत नाही.

साखळ्या ताकद मिळणाऱ्या चाकांना लावतात. त्यामुळे टू-व्हील ड्राइव्ह पिकअपमध्ये त्या मागील चाकांना लागतात. फोर-व्हील ड्राइव्ह वाहनात एकच जोडी उपलब्ध असेल, तर ती कोणत्या धुरीवर लावायची हे वाहनाच्या पुस्तिकेत पाहावे, कारण काही वाहनांत पुढील चाकांजवळ साखळीला पुरेशी जागा नसते. उतारावर वळण घेताना दिशा पुढची चाके ठरवतात. म्हणून जागा असल्यास चारही चाकांना साखळ्या लावणे सर्वांत सुरक्षित. साखळी टायरच्या नेमक्या मापाची हवी. काही अंतर गेल्यावर थांबून ती पुन्हा ताणून घ्यावी, वेग उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत ठेवावा आणि कोरडा रस्ता लागताच ती काढावी. घाटात अंधार पडल्यावर प्रथमच साखळी उघडून पाहणाऱ्या चालकाला ती लावता येत नाही. हा सराव घरी, कोरड्या जागेवर व्हायला हवा.

डिफरन्शियलचे काम

वळणावर बाहेरील चाकाला आतील चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच वेगाने फिरण्यास बांधलेली असतील, तर एक टायर घासला जाईल. दोहोंना वेगवेगळ्या गतीने फिरू देण्याचे काम डिफरन्शियल करते. साध्या, म्हणजे ‘ओपन’ डिफरन्शियलचा दोष त्याच्या रचनेतच आहे. ते दोन्ही चाकांना जवळपास समान जोर देते. एक चाक बर्फावर असेल, तर ते चाक जितका जोर पेलू शकते तितकाच दुसऱ्या चाकालाही मिळतो. एक चाक गरगर फिरते आणि खडीवरचे चाक जागेवर उभे राहते, ते यामुळेच.

एका उदाहरणाने हा फरक स्पष्ट होईल. रिकाम्या पिकअपचे वजन १,८०० किलो धरू. पुढील प्रत्येक चाकावर ५०० आणि मागील प्रत्येक चाकावर ४०० किलो भार आहे. डावी चाके बर्फावर आहेत आणि तेथे घर्षणांक ०.१ आहे. उजवी चाके खडीवर आहेत आणि तेथे तो ०.६ आहे. दहा मीटरला एक मीटर असा चढ चढण्यासाठी सुमारे १८० किलो ओढ लागते.

ताकद केवळ मागील चाकांना आणि डिफरन्शियल साधे असेल, तर बर्फावरचे चाक ४० किलो आणि खडीवरचे चाकही ४० किलोच ओढ देईल. एकूण ८० किलो ओढीवर वाहन जागचे हलणार नाही. फोर-व्हील ड्राइव्ह जोडली, पण दोन्ही डिफरन्शियल साधी राहिली, तर पुढील चाकांची १०० किलो ओढ मिळून बेरीज १८० होते. ती चढापुरती असते, पण हिम तुडवण्यासाठी काहीच उरत नाही, म्हणून वाहन अडकते. आता टू-व्हील ड्राइव्हमध्येच मागील डिफरन्शियल बंदिस्त, म्हणजे ‘लॉक’ केले, तर बर्फावरचे चाक ४० आणि खडीवरचे २४० मिळून २८० किलो ओढ मिळते. फोर-व्हील ड्राइव्ह आणि मागील लॉक एकत्र आल्यास ती ३८० किलोवर जाते. एका बाजूची चाके सरकलेली असताना लॉक असलेले टू-व्हील ड्राइव्ह वाहन लॉक नसलेल्या फोर-व्हील ड्राइव्हपेक्षा सरस ठरू शकते.

त्याच उदाहरणात चारही चाके बर्फावर आली, तर सर्व काही लॉक करूनही कमाल ओढ १८० किलोच राहते. वाटण्यासारखी पकडच नसल्याने उत्तम डिफरन्शियलही निरुपयोगी होते. तेथे टायर किंवा साखळ्याच बदल घडवू शकतात.

डिफरन्शियलचे प्रकार

मर्यादित घसरणीचे, म्हणजे ‘लिमिटेड स्लिप’ डिफरन्शियल, एक चाक अधिक वेगाने फिरू लागले की घर्षण पट्ट्यांच्या किंवा गिअरच्या साहाय्याने काही जोर दुसऱ्या चाकाकडे वळवते. चालकाला काही करावे लागत नाही. घट्ट हिमाच्या सर्वसाधारण रस्त्यावर ते पुरेसे असते. गिअरवर चालणाऱ्या प्रकारात एक चाक पूर्ण अधांतरी झाल्यास मदत फारशी मिळत नाही.

स्वयंचलित यांत्रिक लॉक दोन चाकांच्या गतीत ठरावीक फरक पडल्यावर आपोआप बंद होतो आणि वाहनाचा वेग वाढल्यावर सुटतो. चालकाच्या हातातील लॉक बटण, हवेचा दाब किंवा तरफ यांनी लागतो. फोर्स गुरखा या वाहनात पुढील आणि मागील अशा दोन्ही धुरींवर ही सोय आहे. अडकलेले वाहन बाहेर काढण्यासाठी तो सर्वांत प्रभावी आहे, तथापि त्याचा वापर सर्वांत जपून करावा लागतो. आडव्या उताराच्या बर्फाळ रस्त्यावर मागील लॉक लावल्यास दोन्ही चाके एकाच वेळी घसरतात आणि वाहनाचा मागचा भाग दरीच्या दिशेने सरकू शकतो. लॉक नसताना निदान एक चाक वाहनाला बाजूने धरून ठेवते. पुढील लॉक लावल्यास सुकाणू जड होते आणि वाहन सरळच जाऊ पाहते. त्यामुळे लॉक कमी वेगात, सरळ दिशेत आणि अडथळा पार करण्यापुरताच लावावा.

नव्या वाहनांतील ‘ट्रॅक्शन कंट्रोल’ गरगरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसऱ्या चाकाकडे पाठवते. ज्यांना वर्षातून एकदोनदाच हिमात जायचे आहे, त्यांना ही सोय आणि चांगले टायर पुरतात. वेगळा लॉक बसवण्याचा खर्च त्यांनी टाळावा.

पिकअपमधील फोर-व्हील ड्राइव्ह बहुधा गरजेपुरती जोडायची असते. पुढील आणि मागील धुरींच्या मध्ये वेगळे डिफरन्शियल नसल्याने ती कोरड्या डांबरावर जोडून वळणे घेतल्यास गिअर संचावर ताण येतो. हिम लागण्यापूर्वीच ती जोडावी. उतारावरही ती जोडलेली ठेवावी, कारण त्यामुळे इंजिनाचा रोध चारही चाकांत विभागला जातो. केवळ मागील चाकांवर तो आल्यास हलका हौदा घसरतो.

रिकामा हौदा आणि गोठलेले तेल

माल उतरवून परतणारे पिकअप हे हिमातील सर्वांत अस्थिर वाहनांपैकी एक असते. इंजिनाचे वजन पुढे आणि ताकद मागे, अशी त्याची रचना असते. कडक कमानींवरील रिकामा हौदा उडतो आणि मागील चाकांवरचा दाब कमी होतो. वाळूच्या काही गोण्या मागील धुरीच्या बरोबर वर ठेवून घट्ट बांधल्यास फरक पडतो. वाहन अडकल्यास हीच वाळू चाकांखाली टाकता येते. वजन धुरीच्या मागे, फळीजवळ ठेवू नये. त्याने पुढची चाके हलकी होतात आणि वाहन वळेनासे होते. गोण्या न बांधता ठेवणेही धोक्याचे आहे, कारण अचानक ब्रेक लागल्यावर त्या पुढे आदळतात.

डिफरन्शियलमधील तेलाकडे मैदानी चालक सहसा लक्ष देत नाही. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत ‘८५ डब्ल्यू’ तेल उणे १२ अंशांपर्यंत, ‘८० डब्ल्यू’ उणे २६ पर्यंत आणि ‘७५ डब्ल्यू’ उणे ४० पर्यंत पुरेसे प्रवाही राहील, अशी कसोटी लावलेली असते. जबलपूरच्या उन्हाळ्यासाठी भरलेले दाट तेल लडाखच्या पहाटे घट्ट होते. गिअरच्या दातांपर्यंत ते वेळेवर पोहोचत नाही आणि लिमिटेड स्लिप प्रकारातील पट्ट्या अडखळतात. उत्पादकाच्या शिफारशीत बसत असल्यास ‘७५ डब्ल्यू-९०’ सारखे तेल प्रवासापूर्वीच भरून घ्यावे. घर्षण पट्ट्यांच्या डिफरन्शियलला त्यासाठीचेच तेल लागते.

निवडीचा क्रम

वर्षातून एखाद्या वेळी हिमाच्छादित भागात जाणाऱ्याने चांगल्या नक्षीचे टायर, मापाच्या साखळ्या आणि हवामापक यांवर खर्च करावा. हिवाळाभर डोंगरी रस्त्यावर माल वाहणाऱ्याने शिखर-हिमकण चिन्हाचे चार समान टायर, साखळ्या आणि मागील धुरीसाठी लिमिटेड स्लिप किंवा स्वयंचलित लॉक असा क्रम ठेवावा. दोन टायर हिवाळी आणि दोन साधे, असे मिश्रण करू नये. मागील चाकांची पकड पुढच्यांपेक्षा कमी झाली, तर वाहन स्वतःभोवती फिरते. स्टेपनीही त्याच मापाची असावी. चालकाच्या हातातील लॉक ही रस्ता सोडून जाणाऱ्यांची, बचाव पथकांची आणि दूरच्या चौक्यांना रसद पुरवणाऱ्यांची गरज आहे. तीही टायरची व्यवस्था झाल्यानंतरची.

या यादीतील जवळपास प्रत्येक काम निघण्यापूर्वी, मैदानातच उरकता येते. टायर बदलणे, साखळी लावण्याचा सराव, डिफरन्शियलचे तेल, हौद्यातील गोण्या यांसाठी जबलपूर, नागपूर किंवा पुण्यातील गॅरेज पुरेसे आहे. घाटात, हिमवर्षाव सुरू झाल्यावर चालकाच्या हाती वेग कमी ठेवणे, पुढील वाहनापासून अंतर राखणे आणि रस्ता गोठलेला दिसल्यास मागे फिरणे, एवढेच उरते.